चौदा पावलांचा घाट

देह नश्वर आहे आणि आत्मा मुक्त, असं दुपारच्या डुलकीच्या काठावर दत्ताजी निकम स्वतःला बजावतात. पण लघवीला जावं लागतं ते नश्वर देहालाच, आणि लेकाच्या नव्या फ्लॅटमध्ये बाथरूम पलंगापासून चौदा पावलांवर आहे.

मधे काही नाही. वडील अडखळून पडू नयेत म्हणून अजितने प्रेमापोटी खोली रिकामी केली. कपाट गेलं, टेबल गेलं, खुर्च्या गेल्या. त्यांच्याबरोबर हाताचा आधारही गेला, हे कुणाला सुचलं नाही. उद्यापासून डायपर. पाकीट उशाशी येऊन पडलंय. एकदा ते बांधलं की आपण पुन्हा उठत नाही, हे दत्ताजींना पक्कं ठाऊक आहे.

डोळे मिटतात. पायथ्याशी हौसाबाई बसल्या आहेत. बायको, जाऊन तीन वर्षं झालेली. परक्याच्या घरी आल्यासारखा पदर सावरून.

"लईच गुळगुळीत हाय की वो," त्या फरशीवरून पाय फिरवतात. "झोपलाय का पडलाय?"

"धरायला काही नाही, हौसे."

"उठा. तीस वर्सं कंडक्टरकी केलीसा, चालत्या गाडीत चाललासा. आन् उभ्या खोलीत भ्या वाटतंय?"

दत्ताजी उठतात. फरशी थरथरते. खोली आता पाटण-चिपळूण एस.टी. आहे, घाटात वळण घेणारी. दोन्हीकडे सीटांचे दांडे. हात आपसूक एकावरून दुसऱ्यावर जातो. सीटांवर सगळी त्यांच्याच वयाची माणसं, गप्प, पाय अधांतरी. शेवटच्या सीटवर हौसाबाई खिडकीला टेकल्यात.

"तू कुठं उतरणार?"

"मी उतरले कवाच. तुमी चला."

जाग येते तेव्हा दत्ताजी उभे आहेत, बाथरूमच्या दारात. मागे रिकामी खोली. तळहाताला गंजक्या लोखंडाचा वास येतोय, आणि पलंगापासून इथवर लोखंडाचा तुकडाही नाही.

अजित हॉलमधून येतो आणि थबकतो. "बाबा, इथवर कसे आलात?"

"चालत. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या आण. पलंगापासून इथवर ओळीत मांड. पुन्हा आवरायच्या नाहीत."

अजित मान हलवतो. खुर्च्या आणायला वळतो.

"आणि तेवढं बाहेरचं दिव्याचं बटण दाब," दत्ताजी म्हणतात. "आत काही दिसत नाही."