आमच्या पॉडकास्टचा घराबाहेरचा श्रोता

वकिलांच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. काढून बघायला कुणाला वेळ नसतो आणि टाकून द्यायला जीव होत नाही. त्यात आम्ही तिघा वकिलांनी मिळून पॉडकास्ट सुरू केला, मग तर विचारूच नका!

तिघं म्हणजे मी, शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवणारी. संदेश कांबळे, खडकीचा, फौजदारीवाला. आणि आमचे सीनियर दामलेसर, ज्यांच्या ऑफिसात आम्ही दोघं बसतो. कायदा लोकांना साध्या मराठीत सांगायचा, ही हौस माझी. रेकॉर्डिंग सरांच्या लायब्ररीत, कारण पुस्तकांमुळे तिथे आवाज घुमत नाही.

"चला, तुमच्या पिढीला पुस्तकांचा काहीतरी उपयोग सापडला," सर म्हणाले.

*

पहिला वाद नावावरून. तिघांची तीन नावं, प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी युक्तिवाद. शेवटी संदेश वैतागून म्हणाला, "निकाल लागेपर्यंत नुसतं 'पॉडकास्ट' म्हणू या."

कोर्टातल्या अंतरिम आदेशाचं जे होतं तेच झालं. आजही तेच नाव आहे!

*

मग आला डिस्क्लेमर. 'ही चर्चा म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे' एवढं एक वाक्य पुरलं असतं. सरांनी तो स्वतः ड्राफ्ट केला आणि स्वतःच वाचला. 'सदर', 'तथापि', 'उपरोक्त', सगळी मंडळी हजर! वाचून होईपर्यंत आमचा चहा थंड.

संदेश हळूच म्हणाला, "सर, आता विषयाला वेळच उरला नाही."

"मग विषय कमी करा."

वकिलाने जाहिरात करायची नसते, म्हणून सरांनी स्वतःचं नावही सांगितलं नाही. 'मी एक वकील' एवढंच. खाली पहिली कमेंट त्यांच्या सख्ख्या बहिणीची: "हे एक वकील सर्दीवर औषध का घेत नाहीत?"

*

भाडेकरूंवरचा भाग. मी माइकसमोर उत्साहाने विचारलं, "सर, भाडेकरू घर सोडत नसेल तर काय करावं?"

"आपण मालकाकडून आहोत की भाडेकरूकडून?"

"कुणाकडूनच नाही, सर. श्रोते विचारतायत."

"वकीलपत्र आहे का त्यांचं?"

तो भाग आम्ही तसाच टाकला. एडिट करण्यासारखं त्यात काही नव्हतंच!

*

संदेशचं वेगळंच. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याचा ग्रुपवर मेसेज: "अन्य कोर्टात व्यस्त. पुढील तारीख मिळावी."

सरांचं उत्तर: "शेवटची संधी."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच मेसेज, पुन्हा तेच उत्तर. मी चिडले. "सर, शेवटची संधी तर मागेच दिली होती ना?"

सरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "प्रॅक्टिसला किती वर्षं झाली हो तुम्हाला?"

*

पण खरी अडचण श्रोत्यांची. संदेशच्या आईची कमेंट यायची: "छान बोललास. येताना कोथिंबीर आण." माझा नवरा म्हणायचा, "ऐकतो की!" कुठला भाग ऐकला विचारलं, की "सगळेच!"

एक दिवस सरांनी चष्मा पुसत निकाल दिला. "घरचं ऐकायला घर आहे. दिवाळीपर्यंत घराबाहेरचा एक श्रोता दाखवा. एकच. नाहीतर माझी लायब्ररी मला परत द्या."

संदेश हसला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. दर रविवारी सकाळी, घरातली कामं बाजूला टाकून मी ते भाग जोडत होते. दिवाळी पुढच्या आठवड्यावर आली होती आणि श्रोता काही दिसत नव्हता.

*

अशात माझी एक उलटतपासणी लागली. लोणी काळभोरची जमीन, भावाबहिणीचा वाटपाचा दावा. मी भावाकडून. साक्षीला बहीण, सिंधूताई. घरची चांगली बागायत, गळ्यात ठसठशीत बोरमाळ, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. मी पहिल्यांदाच बघत होते त्यांना.

बाई हलेनात! विचारलं तेवढंच उत्तर. मी मुद्दाम गप्प राहिले; अशा वेळी समोरचा माणूस काहीतरी जास्तीचं बोलून बसतो. त्याही गप्प राहिल्या. आवाज चढवला, तर म्हणाल्या, "परत इचारा, सावकाश." एकामागून एक माझे सगळे डाव फुकट.

शेवटी आम्ही सगळेच वकील विचारतो तो ठरलेला प्रश्न मी विचारला. त्यावर साक्षीदार 'खोटं आहे' म्हणतो आणि आपण खाली बसतो.

"तुम्हाला वकिलांनी शिकवून पाठवलंय, हे खरं आहे ना?"

"खरं हाय."

त्यांचे वकील ताडकन उठले. "साहेब, मी काहीही शिकवलेलं नाही!"

"ह्यांनी न्हाई वो," सिंधूताईंनी बोट सरळ माझ्याकडे केलं. "ह्या मॅडमनी. साक्ष कशी द्यायची त्ये मोबाइलवर सांगितलंय की त्यांनी. म्या दोनदा आइकलं."

माझ्या अशिलाने माझ्याकडे असं बघितलं, की मी फायलीत डोकं घालायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला होता, की मी खाली बसलेच नाही.

"सिंधूताई, तुमचं आणि माझं काही नातं आहे का?"

"न्हाई बा."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, या प्रश्नाचा दाव्याशी काय संबंध?"

"काही नाही, साहेब," मी म्हणाले, "पण रेकॉर्डवर घ्याच!"