बिनधुराचं घर

मार्लिसबाई लग्न होऊन त्या घरात आल्या, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात त्यांना वाटलं होतं की आपल्या तळघरात झाड आहे. ती होती भट्टी. लोखंडी बुंधा एका माणसाच्या कवेत न मावणारा, आणि त्यातून निघालेल्या पत्र्याच्या जाड नळ्या फांद्यांसारख्या छताला टेकून चहूकडे पसरलेल्या. कधीकाळी ती कोळशावर चालायची, पुढे तेलावर चालू लागली. तिला ना पंखा ना मोटर. खाली जाळ पेटला की गरम हवा आपली आपण वर चढायची आणि बैठकीच्या खोलीतल्या जमिनीवरच्या जाळीतून घरात यायची, कुणी बूट हातात घेऊन दबक्या पावलांनी यावं तशी. त्या जाळीवर उभं राहिलं की गाऊनचा घेर फुगायचा. मार्लिसबाई सकाळची कॉफी तिथंच उभ्यानं प्यायच्या. समोर खिडकीत सुपीरियर सरोवर. धुकं असलं की पाणी कुठं संपलं आणि आकाश कुठं लागलं काही कळायचं नाही. आपलं घर तरंगतंय आणि तळघरातल्या त्या झाडाच्या मुळांनीच काय ते जागेवर राहिलंय, असं त्यांच्या मनात येई. कुणाला बोलून दाखवण्यासारखी ही गोष्ट नव्हती. नवरा रेनो असतानाही त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही.

रेनो कांगस ऑटर हार्बर या त्यांच्या गावच्या धक्क्यावर बोटींत खनिज भरण्याच्या कामाला होता. तो जाऊन बराच काळ लोटला होता. मूलबाळ नव्हतं. बाईंनी आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेलं, त्यामुळे अर्धं गाव त्यांच्या हातचं खाऊन मोठं झालेलं. टेकडीच्या उतारावरच्या त्या गावात त्यांना 'मार्लिस' म्हणणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या कांगसबाईच.

ऑक्टोबरात दरवर्षीप्रमाणे भट्ट्यांची कामं करणारा रॉली सेदर भट्टी तपासायला आला. टॉर्च घेऊन तो बराच वेळ आत डोकावत राहिला, मग टाचांवर बसला आणि म्हणाला, तडा गेलाय. आतल्या लोखंडाला गेलेल्या तड्यातून जळालेला विषारी वायू घरात येतो, आणि तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. त्यानं तेलाचा नळ बंद केला, भट्टीच्या दाराला लाल पट्टी बांधली. आता हिची डागडुजी नाही. हीट पंप बसवा, तो म्हणाला. एक यंत्र घराबाहेर, एक आत. हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्ही त्यातूनच. अलीकडे उन्हाळ्यात सीमेपलीकडची जंगलं पेटत आणि धूर इथवर येई. खिडक्या लावून उकाड्यात बसायची पाळी येई. बाईंना ते पटलं. नगरपालिकेच्या परवान्याचं विचारलं तेव्हा मात्र रॉलीनं मान खाजवली.

"कांगसबाई, सरळ सांगू? परवान्याच्या नादी लागलात तर महिना जाईल. मी शनिवारी माणसं आणतो, दोन दिवसांत घर गरम. कोण बघायला येतंय?"

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "कुणीतरी बघायला आलं पाहिजे."

रॉलीला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. त्याला एव्हिसबद्दल माहीत नव्हतं. एव्हिस ही बाईंची धाकटी बहीण. लोखंडाच्या खाणींकडे राहायची, नुकतंच लग्न झालेलं. नवऱ्याच्या एका मित्रानं त्यांच्या घरात जुना हीटर बसवून दिला. माणूस चांगला, हाताला वळण असलेला, पण धुराडं कुठून कसं न्यायचं हे त्याचं त्यानंच ठरवलं, आणि दुसऱ्या कुणी ते येऊन पाहिलं नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघं चर्चला आली नाहीत. दार मार्लिसबाईंनीच उघडलं. रात्रीतून तोच वायू घरात भरला होता. दोघांचे गाल गुलाबी होते. थंडीतून फिरून आलेल्या पोरांसारखे. बाई काही वेळ त्यांना हाका मारत राहिल्या होत्या, हळू आवाजात, झोपमोड होऊ नये इतक्या हळू.

तेव्हा परवाना काढायचाच, हे ठरलं.

नगरपालिकेच्या खिडकीशी जोलीन नावाची गोड बोलणारी बाई होती. तिनं रॉलीनं काढलेला घराचा नकाशा पाहिला आणि पेन्सिल एका जागी टेकवली. अडचण बाहेरच्या यंत्राची होती. घराच्या मागे खडकाची कड, पुढे पायऱ्या आणि लगेच रस्ता. यंत्र मावणार ते फक्त दोन घरांमधल्या बोळात, आणि तिथं शेजाऱ्याची हद्द इतकी जवळ की नियमाप्रमाणे त्याची लेखी संमती हवी. त्याशिवाय परवाना मिळणार नाही. तेवढं आणा, जोलीन म्हणाली, शेजारीच तर आहेत.

शेजारी होते व्हर्नर हाउगडाल. आयुष्य जहाजांवर काढलेलं, खनिज नेणाऱ्या बोटींवर सुकाणू धरलेलं. पूर्वी दोन्ही घरांचं जाणंयेणं होतं. व्हर्नरच्या बायकोनं, इंगानं, हद्दीवर एक झाड लावलं होतं. शरदात त्याला लाल फळांचे झुपके लागत. ते वाढलं आणि कांगसांच्या खिडकीतून सरोवर दिसेनासं झालं. रेनोनं दोनतीनदा सांगून पाहिलं. मग एका उन्हाळ्यात, व्हर्नर बोटीवर असताना, त्यानं ते कापून टाकलं. इंगा त्या वेळी आजारी होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून अबोला. रेनो गेला तेव्हा व्हर्नर चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर येऊन बसले आणि कॉफीला न थांबता निघून गेले. पुढे उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून त्यांचा खोकला ऐकू यायचा, रेडिओ ऐकू यायचा. एवढाच संबंध.

बाई लगेच गेल्या नाहीत. दिवसामागून दिवस जात राहिले. त्यांनी राहणं स्वयंपाकघरात आणलं. विजेची छोटी शेगडी पायाशी, अंगावर गोधडी. शेगडी एका बाजूनं भाजायची आणि दुसरी बाजू गारच राहायची. दुपारी बसल्याबसल्या डोळा लागायचा, आणि मग घर खरंच हलू लागायचं. तळघरातलं झाड मुळासकट सुटलंय, पायऱ्या पाण्यात बुडाल्यात, रेनो धक्क्यावरून हात हलवून काहीतरी ओरडतोय आणि वारा ते शब्द दुसरीकडे नेतोय. एव्हिस ओले हातमोजे वाळत घालायला जाळी शोधतेय. जाग आली की खिडकीवर आतून बर्फाची नक्षी उमटलेली असायची. जाग आली आहे की नाही याचीच बाईंना कधीकधी खात्री वाटायची नाही.

एका सकाळी त्या उठल्या, वेलदोड्याचा गोड पाव भाजला आणि तो गरम असतानाच फडक्यात गुंडाळून शेजारी गेल्या. वाटेत विचार करायला वेळ मिळू नये म्हणून.

व्हर्नरनी दार उघडलं. खूप वाळले होते. बाईंकडे न बघता त्यांनी आधी पावाकडे बघितलं, मग बाजूला सरून आत येऊ दिलं. तेही स्वयंपाकघरातच राहत होते. खिडकीशी एक खुर्ची, शेजारी दुर्बीण. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तडा, पंप, बोळ, संमती. आवाज फार नसतो म्हणे, फ्रिज घरघरतो तेवढाच, हेही सांगितलं. व्हर्नरनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, आणि टेबलावर ठेवला. सही केली नाही.

बाई म्हणाल्या, "झाडाचं मनात असेल तर—"

"झाडाचं नाही." व्हर्नर खिडकीबाहेर बघत होते. "याला धुराडं लागतं का?"

"नाही. विजेवर चालतं. धूर नाहीच."

"तेच विचारतोय. थंडीत रोज सकाळी तुझ्या धुराड्यातून धूर निघाला की मी म्हणतो, उठली. मग माझी कॉफी ठेवतो. रेनो गेल्यापासूनचा रिवाज आहे. गेले दिवस धूर नाही. नशीब, स्वयंपाकघरातला दिवा दिसतो. पण दिवा काय, विसरून जळताही राहतो. आता धूर कायमचाच जाणार म्हणतेस. मग मला कसं कळायचं?"

मार्लिसबाई खाली बसल्या. कुणी आपल्यावर इतकी वर्षं नजर ठेवून आहे, याची त्यांना पुसटशीही कल्पना नव्हती. त्यांना राग यायला हवा होता की रडू, हे ठरेना. त्यांनी पाव कापला.

"फोन करत जा," शेवटी त्या म्हणाल्या.

"कान गेलेत माझे. फोनवर नुसती माशी गुणगुणते."

मग पडद्याचं ठरलं. उठल्याबरोबर बाईंनी बोळाकडच्या खिडकीचा पिवळा पडदा सरकवायचा. व्हर्नरनी पावाचा दुसरा तुकडा संपवला, बोटं पुसली आणि सही केली.

परवाना आला तसं घर माणसांनी भरलं. भट्टीच्या फांद्यांवर पांढरा लेप होता, तो फुप्फुसांना घातक अशा ॲस्बेस्टॉसचा निघाला, आणि तो काढायला वेगळी माणसं लागली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली, तोंडावर मुखवटे. ती तळघराच्या जिन्यावरून हळूहळू खालीवर करत, आणि दारावर लावलेल्या प्लास्टिकमधून बाईंना ती पाण्याखालून चालल्यासारखी दिसत. मग रॉलीची माणसं आली. बुंधा करवतीनं कापावा लागला. शेवटचा तुकडा वर गेल्यावर बाई खाली उतरल्या. झाडाच्या जागी फरशीवर एक गोल डाग होता, आणि मागच्या भिंतीत एक छोटी खिडकी, जी त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलेलीच नव्हती. तिच्यातून ऊन आत आलं होतं. त्या उन्हात काही वेळ उभ्या राहिल्या. काहीच वाटत नव्हतं, आणि ते न वाटणंही बरं होतं.

नवी हवा पहिल्या दिवशी आली तेव्हा ती चारी बाजूंनी सारखीच आली. कुठं उभं राहायचं हे बाईंना कळेना.

तपासायला आलेला नगरपालिकेचा इन्स्पेक्टर कर्ट लाप्रेरी उंच, शांत माणूस होता. शाळेत असताना बाईंच्या रांगेत ताट घेऊन उभा राहिलेला. त्यानं बाहेरचं यंत्र बघितलं, आतल्या जोडण्या बघितल्या, हवा सोडणाऱ्या प्रत्येक झडपेपुढे तळहात धरला. बाई त्याच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून फिरत होत्या. शेवटी तो झोपायच्या खोलीबाहेर थबकला. विषारी वायूचा इशारा देणारी घंटी तिथं नव्हती. स्वयंपाकाची शेगडी गॅसची आहे, तेव्हा घंटी हवीच, ती लागेपर्यंत शेवटची सही देता येणार नाही, असं त्यानं दिलगिरीच्या सुरात सांगितलं.

"म्हणजे तू पुन्हा येशील?" बाईंनी विचारलं.

"यावं लागेल, कांगसबाई."

"ये की." बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून कर्ट जरा गोंधळलाच. लोक त्याला सहसा असं म्हणत नसत.

तो पुन्हा आला, भिंतीवर लावलेल्या घंटीचं बटण दाबून तिचा आवाज ऐकला आणि सही केली. बाईंनी विचारलं, आणखी काही बघायचं राहिलं नाही ना. त्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, टोपी काढली, आणि काही राहिलेलं नसताना पुन्हा तळघरात जाऊन आला. मग टेबलाशी बसून रानतांदळाचं सूप प्यायला. शाळेतलंच, तो म्हणाला, फक्त तिथं मीठ कमी असायचं. बाई म्हणाल्या, तिथं मीठ मापून टाकायला लावायचे, माझा इलाज नव्हता.

जानेवारीत एकदा हिमवादळ होऊन गेलं. सारखी, मऊ ऊब, खिडकीबाहेर पांढऱ्याखेरीज काहीच नाही, आणि बाई इतक्या गाढ झोपल्या की आयुष्यात कधी झोपल्या नसतील. स्वप्नात कुणीतरी जहाजाच्या लाकडावर हातोडा मारत होतं. मारतच होतं. शेवटी त्यांना कळलं की ते आपलं दार आहे. उघडलं तर व्हर्नर उभे. पायात घरातल्या सपाता, पोटऱ्यांपर्यंत बर्फ, हातात फावडं, त्याच्या दांड्यानं दार ठोकत होते.

"पडदा," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना ओढून आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, आणि खाली बसून त्यांच्या पायांवरचं बर्फ झटकलं. सपाता झडपेपाशी वाळत घातल्या. चूक कुणी कबूल केली नाही, रागही कुणी धरला नाही. कॉफी झाली. मग दुसऱ्या दिवशी पडदा वेळेवर सरकवलेला असतानाही व्हर्नर आले, आणि त्यांना का आलात असं बाईंनी विचारलं नाही.

जुलैत उत्तरेकडची जंगलं पेटली. सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा झाला, सरोवर दिसेनासं झालं. व्हर्नरची छाती त्या धुरात भरून यायची. बाईंनी त्यांना सकाळीच बोलावून घेतलं, खिडक्या लावल्या, यंत्र गारव्यावर केलं. बैठकीच्या खोलीत भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखा नारिंगी उजेड होता. दोघं रुबार्ब या आंबट भाजीच्या काड्या सोलत बसली होती. सोलता सोलता व्हर्नर सांगू लागले, एकदा बेटांच्या पलीकडे बोट धुक्यात सापडली, नुसत्या कानांवर सुकाणू धरलं होतं, कप्तान शेजारी उभा होता आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. पाणी इतकं स्थिर की आपण पुढे जातोय की जागेवर आहोत हेही समजत नव्हतं. मग आधी वास आला, पाइनचा. जमीन जवळ आली होती.

बाईंच्या हातातली काडी मांडीवर घसरली. त्यांचा डोळा लागला होता. व्हर्नरनी ते पाहिलं, आवाज थोडा खाली आणला, आणि बोट किनाऱ्याला कशी लागली ते सांगत राहिले.