बर्फातला भाऊ

आमच्या टीममधली मुलं जेवणाच्या ताटापासून विमानतळापर्यंत सगळं इंटरनेटवर टाकतात. मला अजून एखाद्या फॉर्ममध्ये ‘सध्याचं ठिकाण’ लिहितानाही हात अडखळल्यासारखा होतो. कारण जुनं आहे.

तेव्हा मी हैदराबादला कॉम्प्युटर शिकत होतो. बिदरकडच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दिलसुखनगरच्या एका सायबर कॅफेत मला मराठी माणसांचा ई-मेलचा गट सापडला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. नव्या माणसानं ओळख करून द्यायची, अशी तिथली पद्धत होती: गाव कुठलं, शिक्षण काय, सध्या कुठं. बहुतेक सगळे अमेरिकेत. मी गाव खरं लिहिलं, शिक्षण खरं लिहिलं, आणि सध्या कुठं याच्यापुढं बोस्टन लिहिलं. आमच्या होस्टेलचा एक सीनियर तिथं गेला होता, एवढाच माझा बोस्टनशी संबंध.

मग दर वेळी मेल लिहिण्याआधी तिथलं हवामान उघडून बघावं लागे. ‘आज फार बर्फ आहे’ असं लिहिताना डोक्यावरचा पंखा खडखडत असायचा.

गटातली, अमेरिकेतच राहणारी एक ताई मला एकट्याला वेगळं लिहू लागली. ती मूळची हैदराबादची, वयानं माझ्या आईएवढी. ‘एवढ्या रात्री जागा कसा रे? बायको नाही म्हणून चाललंय!’ असं चिडवायची. इथल्या दुपारी तिकडं मध्यरात्र असते हे माझ्या ध्यानातच नव्हतं; मी रात्रपाळी असल्याचं सांगितलं. आमच्या शेताबद्दल, आईबद्दल मी लिहायचो ते मात्र खरं असायचं, आणि ती ते मन लावून वाचायची. माझं लिहिणं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. तिचं पत्र थांबेल अशी मला सारखी धास्ती असे.

एक दिवस तिनं गटावर लिहिलं: वडील हैदराबादच्या कोठी भागात एकटे असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चार दिवस फोन बंद आहे, तिथं कुणाचं कुणी आहे का?

मी दिलसुखनगरमध्ये बसून ते वाचत होतो. बसनं गेलो तर अर्धा तास. मी लिहिलं, ‘माझा मावसभाऊ तिथं शिकतो. आजच पाठवतो.’

पत्ता घेऊन तो मावसभाऊ म्हणून मीच गेलो. ताईचे वडील, म्हणजे माझे आजोबाच, काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. फोन खरोखरच मेला होता. डोळ्यात घालायचे थेंब त्यांच्या गालावर ओघळत होते. मी थेंब घातले, टेलिफोन ऑफिसात तक्रार लिहून आलो आणि कॅफेत जाऊन ताईला ‘भावाचा’ निरोप कळवला. नंतर रोज कॉलेज सुटलं की कोठीला जायचं आणि तिथून कॅफेत येऊन बोस्टनचा होऊन मेल करायचा, असं सुरू झालं.

आजोबा एकदा म्हणाले, “तुझा भाऊ नुसता तिकडून गोडगोड लिहितो म्हणे. परेशान तू होतोस. त्याला सांग, एक दिवस येऊन थेंब घाल म्हणावं!”

मी हसलो. दुसरं काय करणार?

फोन सुरू झाला आणि आजोबांनी लेकीला माझं फार कौतुक सांगितलं. तिसऱ्या दिवशी ताईचा मेल आला: ‘तुझा भाऊ गुणी आहे. त्याला तिकडं ओळख नाही, पाठीशी कुणी नाही. तू मोठा आहेस, त्याला वर आण. त्याचा बायोडेटा मला पाठव, मी आमच्या ऑफिसात बोलते. आणि तुमच्या दोघांचा एक फोटो पाठव.’

हे मी चार-पाच वेळा वाचलं. नोकरी मला हवी होती. ती ज्याला मिळणार होती तो मीच होतो, आणि त्याची शिफारस करणारा कुठंच नव्हता. उत्तर न देता मी कोठीला गेलो.

“आजोबा, मला भाऊ नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. “आणि लेक सांगायची तो बर्फ?”

“कॉम्प्युटरवर बघून लिहायचो.”

“हौ... मग हे मला कशाला सांगतोस? मी कुठं तुझी पत्रं वाचली? उद्या सकाळी नऊला तिचा फोन येईल. ये.”

“तुम्हीच सांगा ना आजोबा.”

“नक्को. लिहिलंस तू, सांगायचं तू.”

मी साडेआठलाच पोचलो. फोन वाजल्यावर आजोबांनी रिसीव्हर थेट माझ्या हातात दिला आणि मी “हॅलो” म्हणालो.

“हॅलो? अगंबाई, तू धाकटा ना!” ताई आनंदानं म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. “दादानं नोकरीचं सांगितलं का तुला?”

“ताई, दादा नाही. तिकडं कुणी नाही. पत्रं मीच लिहीत होतो, इथून.”

आईबद्दलचं सगळं खरं होतं, हे मला सांगायचं होतं.

“बाबांना दे,” ती म्हणाली.

मी रिसीव्हर दिला. आजोबा ऐकत राहिले, मधूनमधून नुसतं “हौ” म्हणत. त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सकाळचे थेंब अजून घालायचे होते; मी बाटली हातात धरून खाटेजवळ उभा राहिलो.