भाडेकरारावरचा पिचर

सिंगापूरमधली माझी पहिली काही वर्षं एका माणसाची जिरवायची कशी, या विचारात गेली. नवरा म्हणायचा, रविवारचा खेळ आहे, किती मनाला लावून घेशील? मी लावून घेतलं होतं. आजही कोणी म्हणालं की जाऊ दे, झालं गेलं, तर मला त्या म्हणणाऱ्याचाच राग येतो.

तो माणूस आमच्या सॉफ्टबॉल संघाचा कॅप्टन होता. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच, फक्त चेंडू मोठा आणि मैदान लहान. पिचर हात गरकन फिरवून खालून चेंडू टाकतो आणि सगळा खेळ त्याच्या मनगटावर उभा असतो. आपल्याकडे गावोगावच्या मुली हा खेळ शाळेत खेळतात आणि लग्न ठरलं की ग्लोव्ह माळ्यावर टाकतात. मी टाकला नाही. अमरावतीला विद्यापीठाच्या संघात पिचिंग केलं होतं, आणि जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये नोकरी लागली तेव्हा चार साड्या काढून ठेवून तो ग्लोव्ह बॅगेत कोंबला होता.

कॅप्टन मूळचे पुण्याचे, एका बँकेत आयटीचे मॅनेजर, मरीन परेडच्या कॉन्डोत, म्हणजे महागड्या सोसायटीत, राहणारे. माणूस बोलायला गोड. संघ त्यांनीच जमवला होता, बहुतेक सगळे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आलेले मराठी इंजिनिअर. पहिल्या रविवारी मी चेंडू टाकला तेव्हा कॅचरनं ग्लोव्ह काढून तळहात झटकला आणि कॅप्टन म्हणाले, काय हात आहे हिचा. त्यानंतर काही महिने पिचिंग मीच केलं. आम्ही फार जिंकत नव्हतो, पण हरताना मान खाली जात नव्हती.

कॅप्टनना मात्र करंडक हवा होता. त्यांनी मुंबईचे तीन खेळाडू शोधून काढले. तिघे मित्र, तिघे कॉलेजात गाजलेले, आणि तिघांना आपापली जागा पक्की हवी होती. एकाला पिचिंग, एकाला पहिला बेस, एकाला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा. कॅप्टननी लेखी करार करायचं ठरवलं. आता खेळाडूंचा करार कसा लिहितात हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना एकच करार तोंडपाठ होता, जो इथल्या आम्हा सगळ्यांना असतो: फ्लॅटचा भाडेकरार. त्यांनी स्वतःच्या फ्लॅटचा करार घेतला, घरमालकाच्या जागी संघ घातला, भाडेकरूच्या जागी खेळाडू आणि फ्लॅटच्या जागी मैदानावरची जागा.

इथल्या भाडेकरारात एक डिप्लोमॅटिक क्लॉज असतो. दोन वर्षांचा करार असला तरी नोकरी गेली किंवा बदली झाली तर एका वर्षानंतर भाडेकरूला सुटता येतं. मालकाला तसं सुटता येत नाही. भाडं थकलं तरच त्याला घर रिकामं करून घेता येतं. आमच्या करारात भाडं नव्हतंच, म्हणून कॅप्टननी ते कलम खोडून टाकलं. म्हणजे खेळाडू हवं तर निघून जाईल, पण संघ त्याला दोन वर्षं जागेवरून हलवू शकणार नाही. एवढं शिकलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही. उलट, आपण किती व्यवस्थित आहोत हे दाखवायला त्यांनी तिन्ही करार लीगच्या सेक्रेटरीकडे रीतसर नोंदवले.

सह्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये झाल्या. बायकामुलं आलेली, केक आलेला. फोटो काढून झाल्यावर कॅप्टन सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तू आता निवांत स्कोअर लिही. आणि पोहे तुझ्या हातचेच हवेत हं, त्यात बदल नाही." सगळे हसले. मीही हसले. माझ्या जागेवर दुसऱ्याला बसवलं याचा राग आला होताच, पण त्यांनी मला त्यांच्यासोबत हसायला लावलं, ते मी त्यांना माफ केलं नाही.

मग मी बाकावर बसून स्कोअर लिहू लागले. बसल्या बसल्या बघायला भरपूर वेळ मिळत होता. सामना सात इनिंगचा, आणि नवा पिचर पहिल्या तीन इनिंग झकास टाकायचा. चौथ्या इनिंगला त्याचा खांदा जायचा. कोपर शरीरापासून लांब पडायला लागलं की पुढचे चेंडू म्हणजे समोरच्यांना आयतं ताट. पण त्याला काढता येत नव्हतं, आणि तो स्वतःहून हटायचा नाही. पहिल्या बेसवरच्याला वाकायचा कंटाळा, शॉर्टस्टॉपला धावायचा. वर्ष संपलं तेव्हा आम्ही तळाला होतो.

त्याच सुमाराला कॅप्टनना एका कंपनीनं नवा संघ काढून दिला. जाताना त्यांनी आमचे चांगले खेळाडू बरोबर नेले, म्हणजे ज्यांच्याशी करार नव्हता ते. करारवाले तिघे आमच्याकडेच राहिले. मला त्यांनी फोन करून सांगितलं की संघ आता तुझ्या हवाली, मस्त नव्यानं बांध. जणू काही मला बक्षीस देत होते.

मी लीगच्या सेक्रेटरीकडे गेले. हा म्हातारा चिनी गृहस्थ, जुन्या शाळेतला मास्तर शोभेल असा. त्याला विचारलं की कॅप्टन बदलला आहे, तर हे करार रद्द करता येतील का. त्यानं फाइल उघडली, सह्या बघितल्या आणि फाइल मिटली. "कॅनॉट लाह. साइन ऑलरेडी," तो म्हणाला. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

त्या दिवशी बसमधून घरी येताना मी ठरवलं की पिचिंग परत घ्यायचं आणि कॅप्टनना बॅट घेऊन समोर उभं करून त्यांना चेंडू टाकायचा. दुसरं काही नको होतं. करंडकसुद्धा नको होता.

आधी माणसं लागणार होती. ती मला कंपनीच्या बसमध्ये मिळाली. रोज पहाटे गेटचा पास गळ्यात अडकवून आम्ही जुरोंग आयलंडला जायचो आणि अर्धी बस झोपलेली असायची. मी त्यांना उठवून विचारायचे. एक फिलिपिनो टेक्निशियन लहानपणापासून हाच खेळ खेळलेला निघाला. नागपूरच्या दोन मुली, इथे संशोधनाला आलेल्या, त्यांना फक्त पळता येत होतं. मी म्हटलं, पळा, बाकीचं मी शिकवते.

मग करारवाल्यांकडे वळले. भाडेकरारात मालकाला आगाऊ सूचना देऊन घराची पाहणी करण्याचा हक्क असतो, आणि कॅप्टननी तेही कलम तसंच ठेवलं होतं. मी दर शनिवारी सकाळी सहाला ईस्ट कोस्टवर पाहणी ठेवली. पहिल्या बेसवरच्याला जमिनीलगतचे चेंडू टाकायचे आणि तो वाकेपर्यंत टाकत राहायचं. शॉर्टस्टॉपला किनाऱ्यानं पळवायचं. महिनाभरात शॉर्टस्टॉपला दुसऱ्या शहरात बदली मिळाली. पहिल्या बेसवरच्यानं कळवलं की कंपनी त्याला भारतात परत बोलावते आहे. पुढं कितीतरी दिवस तो मला हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, निवांत जेवताना दिसायचा. मी हात हलवायचे, तो ताटात बघायचा.

पिचर काही हलेना. पाहणीला तो वेळेआधी यायचा. माणूस म्हणून वाईट नव्हता, पण मैदानातल्या पिचरच्या वर्तुळात उभं राहण्याचा त्याला नाद होता आणि खांद्याचं नाव काढलं की चिडायचा.

त्याला हलवलं पावसानं. वर्षअखेरीला इथे दुपारी आभाळ भरून येतं आणि मैदानावर विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला की सगळ्यांनी आडोशाला पळायचं. लीगचा नियम असा की तीन इनिंग झाल्या असतील तर आहे तो निकाल धरायचा. त्या महिन्यांत ओळीनं आमचे सामने तिसरी इनिंग संपता संपताच थांबले. तीन इनिंगपुरता पिचर आमच्याकडे होताच. आम्ही जिंकत सुटलो. लोक त्याच्या पाठीवर थाप मारू लागले. का जिंकतोय हे मला कळत होतं आणि मी कोणालाही सांगितलं नाही.

कॅप्टनच्या नव्या संघातल्या पिचरचा एम्प्लॉयमेंट पास त्याच सुमाराला रिन्यू झाला नाही आणि त्याला मायदेशी जावं लागलं. कॅप्टन मला भेटायला आले. कोपी, म्हणजे इथली कॉफी, त्यांनीच मागवली. म्हणाले, तुझ्याकडे आता नवी माणसं आहेत, पिचिंग तुला स्वतःला करता येतं, आणि तुझा पिचर मुळात माझाच शोध, तो मला दे. तेवढं एक वाक्य ऐकल्यावर माझी खात्री पटली. आपण निवडलेला माणूस चुकीचा होता हे त्यांना कधीच पटणार नव्हतं. तरी मी आढेवेढे घेतले, दोन आठवडे घेतले. शेवटी म्हटलं, न्या, पण करार आहे तसा घ्यावा लागेल, एक ओळही बदलायची नाही. पिचरला मी बाजूला घेऊन सांगितलं की नवं घर घेतलं की करारही नवा होतो, तर तू पुन्हा दोन वर्षं माग. त्यानं मागितली. कॅप्टननी सही केली आणि कागद स्वतः नेऊन नोंदवला.

आमची गाठ पुढच्या मार्चमध्ये पडली. त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सकाळी उठल्यापासून मी चार वेळा खिडकीतून बघितलं आणि नवऱ्यानं शेवटी पडदाच ओढला. वर्तुळात उभी राहिले आणि पहिला चेंडू टाकला. तीन इनिंग बरोबरीत गेल्या. चौथ्या इनिंगला त्यांच्या पिचरचं कोपर लांब पडलं आणि माझ्या नागपूरच्या मुली धावत सुटल्या. एकीनंतर एक, धापा टाकत, हसत होम प्लेटला पाय लावत होत्या आणि धावा चढत होत्या. कॅप्टन पिचरपाशी गेले, काहीतरी बोलले, तो नाही म्हणाला. मग ते सेक्रेटरीकडे गेले. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

शेवटच्या इनिंगला कॅप्टन स्वतः बॅट घेऊन आले. पहिला चेंडू त्यांनी नुसता बघितला. दुसऱ्यावर त्यांची बॅट फिरली तेव्हा चेंडू कॅचरकडे पोहोचलेला होता. तिसरा मी मुद्दाम हळू टाकला, त्यांना नीट दिसावा म्हणून, आणि तोही त्यांच्या बॅटला लागला नाही. सामना संपला. इतकं गोड मला या शहरात आजवर काही लागलेलं नाही.

सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेत येऊन हात मिळवतात. कॅप्टन माझ्यासमोर आले आणि हात पुढे केला. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट आपुलकीनं हसले.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "तू त्याच्यापेक्षा चांगली आहेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तू पिचर असतीस तर ते तिघं आलेच नसते. बाईच्या मागे फील्डिंग करायला तयार नव्हते. मला वाटलं, तू समजूतदार आहेस, तू समजून घेशील."

 इतके दिवस मला वाटत होतं की या माणसाला खेळातलं कळत नाही, माझ्या हाताची त्याला पारख नाही, आणि ती पारख त्याला पटवून द्यायची आहे. त्यासाठी मी पहाटेच्या बसमध्ये माणसं उठवली, आढेवेढे घेतले, पावसाचं गुपित पोटात ठेवलं. त्याला सगळं कळत होतं. कळून सवरून त्यानं मला बाकावर बसवलं होतं, कारण बाकीच्यांपेक्षा मी गप्प बसेन याची त्याला खात्री होती. मी जी शिक्षा दिली होती ती न कळणाऱ्या माणसाची होती.

त्यांचा हात अजून पुढेच होता. मी तो घेतला नाही. रांग सोडून सेक्रेटरीकडे गेले. तो खुर्च्या आवरत होता. त्याला विचारलं, पुढच्या वर्षी यांच्याशी आमचे किती सामने आहेत. म्हणाला, दोन.

"तीन करता येतील का?" मी विचारलं.