मिनिटबाई

पोटावर हात ठेवण्याआधी त्या तळवे एकमेकांवर चोळून ऊन करायच्या. घड्याळ मनगटावर नाही, छातीवर उलटं टाचलेलं. चहा अर्धाच, तोही गार झालेला. दार सताड उघडं असलं तरी आधी टकटक. आणि बाळाचे ठोके मोजायचे ते पुरतं मिनिटभर. म्हणून प्रसूती विभागात त्यांना पाठीमागे सगळे मिनिटबाई म्हणत. तोंडावर अर्थातच सिस्टर.

सुईणीचं काम शिकणाऱ्या मुलीच्या वहीत वीस चौकोन होते. बाईंच्या देखरेखीखाली एक बाळंतपण केलं, की एक सही. एकोणीस झाल्या होत्या. पुढच्या शुक्रवारपर्यंत विसावी मिळाली नाही, तर परीक्षा सहा महिने पुढे.

विसाव्या वेळी मुलीने घाई केली. पंधरा सेकंद मोजले, चाराने गुणले.

"एकशे चाळीस, सिस्टर."

"आकडा नाही विचारला. किती वेळ मोजलेस?"

बाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. कळ ओसरत होती आणि ठोके मंदावत होते. बाई आधी बोलल्या त्या बाळंतिणीशी.

"ताई, बाळ जरा दमलंय. कुशीवर वळा. डॉक्टरांना बोलावते."

आवाज होता तसाच. अर्ध्या तासात बाळ आलं, खणखणीत रडत.

मग बाईंनी नोंद लिहिली : ठोके अपुरे मोजले. देखरेख माझी होती.

"तुमचं नाव कशाला, सिस्टर?"

"मग काय शेजारणीचं लिहू? शिकतेस तू, शिकवते मी."

"आणि सही?"

"सही म्हणजे आशीर्वाद नव्हे, पोरी. सोमवारी ये. माझी सुट्टी आहे, पण मी येते. दोघी मिळून परत करू."

वही त्यांनी स्वतःच्या खणात ठेवली.

रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना बाई कोसळल्या. खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

सोमवारी मुलगी तरीही आली. कुठे जावं, ते तिला कळत नव्हतं. दुसऱ्या सिस्टरने खणातून वही काढून तिच्या हातात दिली. रडून रडून त्यांचेही डोळे सुजले होते.

"आण इकडे. करून टाकते सही. आता कोण बघतंय?"

"आधी माझ्यासोबत उभ्या राहाल? पुरतं मिनिट?"

"अगं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर?"

"तर नाही."

मुलीने वही उघडली. बाळ जन्मायच्या आधी बाईंनी वहीत कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण विसाव्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीने सोमवारची तारीख घातलेली होती. त्याखाली वेळ, वजन आणि सहीची जागा कोरी होती.