माधवीचं वर्कशॉप

माधवी गेली, त्याला आज वर्ष झालं.
आमची गाडी अजून उन्हापावसातच उभी असते.

कारण गॅरेज तिचं होतं.

रोह्याला घर बांधताना मी ते गाडीसाठीच काढलं होतं. पण पेणच्या शाळेतली नोकरी सोडल्यावर बायको एक दिवस म्हणाली, "अहो, गाडी बाहेर काढा. मला इथे लाकूडकाम करायचंय."

मी हसलो. ती नाही हसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माधवीला काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं जवळजवळ काहीच नाही. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रोजचा रोहा-पेण प्रवास झेपेना, म्हणूनच तिने वेळेआधी रिटायरमेंट घेतली.

आणि या बाईला आता करवत हवी होती.

तिचा धाकटा भाऊ बाळाराम खांब गावात शेती करतो. तो समजवायला आला.
"ताये, तुला धड दिसत नाय, नि तू करवत चालवणार? बोटां जातील गो."

"करवत समोर असते, बाळा. समोरचं मला दिसतं. तू पडवीतल्या सागाच्या फळ्या तेवढ्या आणून दे."

बाळाराम माझ्याकडे बघत राहिला.
फळ्या आल्या.

मी धाटावच्या कंपनीत मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं. वर्कशॉप कसं लावायचं ते मला कोणी सांगायला नको, असं मला वाटायचं. कागदावर प्लॅन काढला. मागच्या भिंतीला टेबल, डाव्या हाताला ड्रिल मशीन, उजव्या हाताला ग्राइंडर. सगळं हाताशी.

तिने नीट बघितलं.
"छान आहे. पण हे तुमच्यासाठी आहे."

"अगं, कंपनीत असंच असतं."

"कंपनीतल्या माणसांना बाजूचं दिसतं हो."

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरचे रिकामे खोके खाली काढायला लावले. फ्रिजचा खोका आडवा टाकला, ते टेबल. टीव्हीचा खोका म्हणजे ड्रिल. ग्राइंडरच्या जागी प्लास्टिकचं स्टूल.

"आता मी चालते. तुम्ही फक्त बघा. मध्ये बोलू नका."

शटरपासून टेबलाकडे निघाली. टीव्हीच्या खोक्यावर कोपर आदळलं. वळली तर स्टूल पडलं. तिने ते उचललं, थोडं सरकवलं, परत शटरपाशी गेली.
परत चालली. परत आदळली.

मी बघत बसलो होतो.

तोवर तिचा आजार मला रिपोर्टमधून माहीत होता. त्या दुपारी तो पहिल्यांदा दिसला. हात लांबवला तर लागेल इतकं जवळ ते स्टूल, आणि तिच्यासाठी ते तिथे नव्हतंच. इतकी वर्षं ही बाई अशा नजरेने स्वयंपाकघरात वावरली, रस्ता ओलांडला, वर्ग सांभाळले.

ती मात्र कामात होती.
"अहो, बसलात काय? हा खोका धरा तिकडून."

माझा कागद मी खिशात घातला.

संध्याकाळपर्यंत तिने तिची मांडणी पक्की केली. टेबल भिंतीपासून सोडवून मधोमध, तोंड शटरकडे, म्हणजे येणारा माणूस समोरून दिसेल. हत्यारं टेबलाच्या पुढच्या कडेला, बुटक्या रॅकमध्ये. मशीन सगळी मागच्या भिंतीला एका ओळीत. एका वेळी एकच चालवायचं, आणि तेही नाकासमोर. जायची-यायची वाट पूर्ण मोकळी. मशीन चालू असताना शटर अर्धं खाली, कोणी आत यायचं नाही.

मी टेबलाचे कोपरे घासून गोल केले. मशीनपाशी गुडघ्याच्या उंचीवर लाल बटण बसवलं. ते दाबलं की सगळं बंद.
"हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली.
मला कंपनीत कधी बक्षीस मिळालं नाही. पण तेव्हा मिळाल्यासारखं वाटलं.

मग हमरापूरची प्रणाली आली. माधवीची जुनी विद्यार्थिनी. घरी गणपतींचा कारखाना, रंगकाम ती करते. मोठ्या मूर्तीभोवती जमिनीवर सरकत सरकत रंगवायचं, मान आणि कंबर कामातून जाते.

"बाई, मूर्तीच फिरली तर?"

माधवीने दोन गोल फळ्या कापल्या, मी मध्ये बेअरिंग बसवलं. पहिला पाट फसला.
"बाई, बाप्पा नाचतायत," प्रणाली म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.
दुसरा नीट फिरला. त्या सीझनला हमरापुरात बऱ्याच घरांत माधवीचे पाट गेले. प्रणाली सुट्टीला यायची, तिच्यासमोर बसून शिकायची.

बोटं सगळी शाबूत राहिली. डोळ्यांनीही शेवटपर्यंत साथ दिली.
गेली ती हार्ट अटॅकने. सकाळचा चहा घेत होतो आम्ही. छातीत कसंतरी होतंय म्हणाली. हॉस्पिटल येईपर्यंत संपलं होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, मशीन विकून टाकू." मी 'बघू' म्हटलं. शटर बंदच राहिलं.

मग एक दिवस प्रणाली दारात.
"काका, पाट हवेत."
"मला लाकडातलं कळत नाय गो. मी लोखंडाचा माणूस."
"मला कळतं थोडं. बाईंनी शिकवलंय. तुम्ही शटर उघडा."

आता रविवारी आम्ही दोघं काम करतो. ती सांगते, मी ऐकतो. मागच्या आठवड्यात आमचा पहिला पाट हमरापूरला गेला. काल तिचा फोन आला, "काका, आई म्हणते अजून एक करा."

माधवी, घरात तुझ्याशिवाय करमत नाही. पण मी रिकामा बसलेलो नाही, एवढं तुला सांगायचं होतं.

आम्हा सगळ्यांचा तुला मनापासून नमस्कार.