माशी चिकटवणारा हात

आमच्या प्रयोगशाळेत अण्णांचं काम एवढंच, की जिवंत माशी तारेला चिकटवायची. ऐकणारे हसतात. हसू देत. फ्रीजमध्ये गारठवलेल्या माशीच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा डिंक लावायचा, पंखांना धक्का न लावता तार टेकवायची आणि ती जोर मोजणाऱ्या नाजूक काट्यावर बसवायची; पंखांचा जोर मग पडद्यावर रेघ होऊन उमटतो. हे दुसऱ्या कुणाला जमलं, तर मी कॅमेरा खाली ठेवीन. बावीस वर्षं त्यांच्या शेजारी तोच चालवतेय.

ही माशी फुलासमोर हवेत एका जागी थांबते. बघणाऱ्याला वाटतं, निवांत आहे. पण तिचे पंख सेकंदाला दोनेकशे वेळा मागेपुढे फिरत असतात. दर फेरीत पंखाच्या पुढच्या कडेला हवेचा भोवरा चिकटून राहतो, पंखावरचा दाब घटतो आणि माशी तोलली जाते. तो सुटायच्या आत पंख उलटून नवा भोवरा धरतो.

"एका जागी थांबण्यातच जीव निघतो बिचारीचा," अण्णा म्हणायचे.

गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पंख मोडलेल्या माश्या ते गुपचूप केरात टाकत. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

"वहिनींना सांगितलंत?" एकदा विचारलं.

"तिला कशाला घोर? हे काम गेलं तर मी घरी बसून करू काय?"

काल मात्र माशी शिंकली. अण्णा काटा तपासायला त्यावरची तार चिमट्यात धरून बसले होते. तारेवर माशी नव्हती, तरी पडद्यावरची रेघ सेकंदाला पाच वेळा हलत होती. आमच्या प्रमुख बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जवळपास कुठली तरी मोटार चालू आहे. शोधा. अण्णा, तुम्ही तार धरून ठेवा, हलू नका."

पंखा बंद केला, पंप, शेजारचा एसी, शेवटी फ्रीज. एकेक बटण मीच दाबत होते. सांगून टाकावं असं दहादा वाटलं, पण तोंडच उघडेना. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. अण्णा डाव्या हातानं उजवं मनगट दाबून बसले होते. खोली चिडीचूप झाली. रेघ हलतच होती.

अण्णांनी चिमटा सोडला. रेघ सरळ झाली.



"फ्रीज लावा आता," ते मला म्हणाले. "आतल्या माश्या जाग्या होतील."